स्वमग्न मुलासाठी घरी येणारा वर्तनोपचारक : निवड कशी करावी?

बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली ही सक्ती संपूर्ण संस्थानास लागू केली. कोणतेही मूल शिक्षणावाचून राहू नये, हा त्या कायद्यामागील विचार होता. परंतु हाक मारली असता वळून न पाहणारे, समवयस्कांत न मिसळणारे, बोलू न लागलेले मूल मात्र दीर्घकाळ ‘हट्टी’, ‘वेडसर’ किंवा ‘मुके’ ठरून शाळेच्या दाराबाहेरच राहिले. अशा मुलांपैकी अनेक मुले स्वमग्न असतात, हे आता माहीत झाले आहे. शहरांतून त्यांच्यासाठी घरी येऊन शिकविणारे वर्तनोपचारक मिळू लागले आहेत. बोलण्यात त्यांना ‘थेरपिस्ट’ असे म्हणतात. मात्र उपचारक मिळणे ही एक गोष्ट आणि योग्य उपचारक निवडणे ही दुसरी गोष्ट होय. या निवडीत चूक झाल्यास पैसा तर जातोच, शिवाय मुलाच्या बालपणातील मोलाची वर्षे निघून जातात. या निवडीचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

एका कुटुंबाचे उदाहरण

विषय समजण्यास सुलभ व्हावा म्हणून एका कुटुंबाची कल्पना करावी. बडोदे शहराच्या ईशान्येस, विमानतळाजवळ, हरणी ही वस्ती आहे. तेथे एक मराठी भाषिक कुटुंब राहते. वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहेत. आई घर सांभाळते व आजी सोबत असते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो नळाच्या धारेकडे तासन् तास पाहत राहतो. विमान उतरू लागले किंवा कुकरची शिट्टी वाजली की कानांवर हात ठेवून ओरडतो. तहान लागली की आईचा हात ओढून माठापाशी नेतो, पण तोंडाने मागत नाही की बोटाने दाखवीत नाही. “बोलेल हो, त्याचा बापही उशिराच बोलला,” असे म्हणून आजी धीर देते. दीड वर्ष असेच निघून जाते. पुढे बालवाडीतील बाईंच्या सांगण्यावरून तपासणी होते व स्वमग्नतेचे निदान होते.

आता घरी येण्यास तयार असलेले तीन उपचारक या कुटुंबापुढे आहेत. पहिला आठवड्यास चाळीस तास शिकवणी सांगतो, सहा महिन्यांचे शुल्क आगाऊ मागतो आणि “वर्षभरात मुलगा पूर्ण बरा होईल,” अशी हमी देतो. दुसऱ्या ठिकाणचे शुल्क अल्प आहे, परंतु घरी येणारी तरुणी नवशिकी असून तिच्या कामावर कोणाची देखरेख आहे हे सांगितले जात नाही. तिसरी उपचारिका आठवड्यातून दोनच दिवस येऊ शकते, तिला मराठी येत नाही आणि ती कसलीही हमी देत नाही. मात्र आईने प्रत्येक वेळी सोबत बसावे, असा तिचा आग्रह आहे. या तिघांतून निवड कशी करावी?

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वमग्नतेची स्वतंत्र ओळख वैद्यकास झाली. ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता असून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. इतरांशी संवाद साधण्यात अडचण, ठरावीक कृती पुन्हा पुन्हा करणे, बदल सहन न होणे आणि आवाज, प्रकाश किंवा स्पर्श यांची अतितीव्र वा अतिमंद जाणीव ही तिची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न असते.

दोन गैरसमज दूर करणे येथे अगत्याचे आहे. आईच्या मायेत कमतरता असल्यामुळे मूल स्वमग्न होते, असे एके काळी काही तज्ज्ञही मानीत असत. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथात या मताचे खंडन केले. त्यानंतर झालेल्या संशोधनाने ते मत निराधार ठरविले आहे. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ सालचा एक लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा आईने स्वतःस दोष देण्याचे किंवा धाकट्या भावंडाचे लसीकरण टाळण्याचे काहीही कारण नाही.

आधी निदान, मग उपचारक

मूल एक वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यास पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवीत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याखाली अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी होते, व विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. बडोद्यात सर सयाजीराव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयातील बालरोग व मनोविकार विभागांपासून चौकशीस आरंभ करता येतो.

निदानापूर्वी मुलाच्या श्रवणाची चाचणी अवश्य व्हावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेस प्रतिसाद देत नाही. त्याचप्रमाणे मूल अकस्मात डोके आपटू लागले किंवा हात चावू लागले, तर प्रथम दात, कान व पोट यांची तपासणी करावी. दुखणे सांगता न येणारे मूल वर्तनातून ते सांगत असते. अशा वेळी वर्तनोपचार सुरू करणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे, असा प्रकार होय.

भारतात प्रमाणपत्रासाठी स्वमग्नतेचे मापन ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीने केले जाते. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली असून तिच्यात सहा विभागांत एकूण चाळीस बाबी आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र मिळाल्यास पुढील सवलतींचा मार्ग मोकळा होतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ याखालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. या गोष्टींची माहिती कुटुंबास उपचारकाकडे जाण्यापूर्वीच असणे इष्ट आहे.

वर्तनोपचाराचे स्वरूप

ज्या कृतीनंतर मुलाला हवेसे काही मिळते ती कृती ते पुन्हा करते, हे वर्तनोपचाराचे साधे सूत्र आहे. उपचारक एखादे कौशल्य लहान लहान पायऱ्यांत विभागतो, प्रत्येक पायरीस मदत करतो, यश मिळताच बक्षीस देतो आणि हळूहळू मदत कमी करीत नेतो.

हरणीच्या त्या मुलाचे पाणी मागणे घ्यावे. आई त्याच्या ओढीबरोबर माठापाशी जाते, पण लगेच पेला भरत नाही. पेला दिसेल असा धरून ती क्षणभर थांबते. मुलाने पेल्याकडे पाहिले किंवा हात पुढे केला की “पाणी” असे स्पष्ट म्हणते व तत्काळ पाणी देते. काही दिवसांनी बोट दाखविण्याची, पुढे पेल्याचे चित्र हाती देण्याची किंवा ‘पा’ एवढा उच्चार करण्याची अपेक्षा ठेवली जाते. येथे मुलाला तहानलेले ठेवावयाचे नाही. क्षणभर थांबून त्याला मागण्याची संधी द्यावयाची आहे. या दोहोंतील भेद ज्याला कळत नाही, तो उपचारक नव्हे.

त्रासदायक वर्तनाबाबत चांगला उपचारक तीन गोष्टींची नोंद ठेवतो : वर्तनापूर्वी काय घडले, वर्तन कोणते झाले आणि त्यानंतर काय घडले. आठवडाभराच्या नोंदीवरून कारण उमगते. मूल नकोशा गोष्टीपासून सुटण्यासाठी ओरडते की हवी ती वस्तू मिळविण्यासाठी, कोणाचे लक्ष वेधण्यासाठी की शरीरास होणाऱ्या त्रासामुळे, हे कळल्यावाचून उपाय सापडत नाही. कुकरच्या शिट्टीने ओरडणाऱ्या मुलाला गप्प बसण्याचे बक्षीस देऊन भागणार नाही. कुकर लावण्यापूर्वी त्याला खूण करणे, दुसऱ्या खोलीत नेणे किंवा कानांवर ध्वनिरोधक लावणे हा योग्य मार्ग होय. नवरात्रात नऊ रात्री गरब्याचे ध्वनिक्षेपक चालतात, उत्तरायणाच्या दिवशी गच्च्यांवरून दिवसभर गलका असतो. बडोद्यातील उपचारकाने या दिवसांचा विचार आपल्या योजनेत आधीच केला पाहिजे.

अभ्यास काय सांगतात?

आठवड्यास चाळीस तासांची कल्पना कोठून आली हे पालकांस माहीत असावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील ओले इव्हार लोव्हास यांनी १९८७ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यास चाळीस तास शिकवणी मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सामान्य मुलांप्रमाणे पहिली इयत्ता पार करू शकली, असे त्यात नमूद होते. या निष्कर्षाने पालकांत मोठी आशा निर्माण झाली. परंतु त्या अभ्यासात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निःपक्षपातीपणे झालेली नव्हती, आणि दरडावणे व मांडीवर चापट मारणे यांचाही त्या पद्धतीत अंतर्भाव होता. आज अशी शिक्षा अग्राह्य मानली जाते. १४४ अभ्यासांचा एकत्रित विचार करणारे एक परीक्षण २०२४ साली प्रसिद्ध झाले. तास वाढविले की त्या प्रमाणात लाभही वाढतो, यास भक्कम पुरावा त्यात आढळला नाही. अर्थात चाळीस तास हा प्रत्येक मुलास लागू पडणारा नियम नव्हे.

दुसरा एक अभ्यास मराठी वाचकांस अधिक जवळचा आहे. गोव्यातील ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशेषज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण व देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा भेटी देऊन आईवडिलांना शिकविले. मुलाच्या खुणा ओळखाव्यात, त्याच्या आवडीच्या खेळात सामील व्हावे आणि त्याला पुढाकार घेऊ द्यावा, असा हा पाठ होता. परिणामी पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्वच बाबतींत सुधारणा झाली असे नाही. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याचा काळ उलट कमी झाल्याचे दिसले. तरीही पालक सोबत बसून शिकले तर थोड्या भेटींतूनही लाभ होतो, हा त्याचा बोध महत्त्वाचा आहे.

स्वमग्न व्यक्ती प्रौढ झाल्यावर स्वतः काय सांगतात, हेही ऐकले पाहिजे. हात फडफडविणे थांबविणे, डोळ्यांत पाहण्याची सक्ती करणे व ‘चारचौघांसारखे’ दिसावयास लावणे यांमुळे आपणांस क्लेश झाले, असे त्यांपैकी अनेकांनी म्हटले आहे. ज्या सवयीने कोणाची हानी होत नाही ती मोडण्यात मुलाची शक्ती खर्च करणे योग्य नव्हे.

निवड करताना पाहावयाच्या गोष्टी

१. पात्रता व नोंदणी : भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक व वाचा-श्रवणतज्ज्ञ यांची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद असावी लागते. नोंदणी क्रमांक मागून पडताळून घ्यावा. व्यवसायोपचारतज्ज्ञांची नोंद या परिषदेकडे नसते. त्यांच्यासाठी २०२१ चा स्वतंत्र अधिनियम आहे. वर्तन-विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतील मंडळाने १ जानेवारी २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतील नवे अर्ज घेणे बंद केले आहे. त्यामुळे ‘परदेशी प्रमाणपत्र’ दाखविले गेल्यास ते कोणत्या संस्थेचे, कोणत्या वर्षाचे व किती तासांच्या शिक्षणाचे आहे हे विचारावे. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रशस्तिपत्र ही पात्रता होत नाही.

२. योजना कोणाची, येणार कोण? : पुष्कळदा मुलाची योजना एक तज्ज्ञ करतो आणि घरी दुसरीच व्यक्ती येते. यात गैर काही नाही. मात्र तो तज्ज्ञ मुलाला स्वतः किती दिवसांनी पाहणार, हे लेखी मिळाले पाहिजे. उदाहरणातील दुसऱ्या ठिकाणी नेमकी येथेच उणीव आहे. त्या तरुणीची तळमळ खरी असेल, पण मार्गदर्शनावाचून तिने केलेला प्रयत्न अंधारात चाचपडण्यासारखा होईल.

३. उद्दिष्टे : प्रथम काय शिकवावयाचे हे कुटुंबाच्या गरजेवरून ठरावे. “बेन, तो पाणी मागत नाही, अंग दुखले तर सांगत नाही. आधी ते शिकवाल का?” असे आईने मोकळेपणाने विचारावे. रंगांची नावे व इंग्रजी अक्षरे पाठ करून घेणे दिसावयास छान असते, पण मागणे, नकार देणे, शौचास जाण्याचे सांगणे व वाट पाहणे ही कौशल्ये जीवनास अधिक उपयोगी आहेत. योजना लेखी असावी आणि ती आजीलाही समजेल अशा भाषेत असावी.

४. पद्धत : मारणे, बांधून ठेवणे, कोंडणे, उपाशी ठेवणे, अन्न वा पाणी रोखून धरणे यांपैकी काहीही मान्य करू नये. मूल रडत असताना उपचारक काय करतो, हे पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहावे. “रडू द्या, सवय होईल,” असे सर्रास म्हणणाऱ्यास दुसरा प्रश्न विचारण्याची गरज नाही.

५. पालकांचा सहभाग व सुरक्षितता : शिकवणीच्या वेळी दार उघडे असावे व घरातील एक जाणते माणूस जवळ असावे. “आई समोर असली की मूल लाडावते,” या सबबीखाली पालकांस नित्य बाहेर ठेवणे मान्य करू नये. जे मूल बोलू शकत नाही ते तक्रारही करू शकत नाही, हे क्षणभरही विसरता कामा नये. येणाऱ्या व्यक्तीचे ओळखपत्र पाहावे, पूर्वीच्या दोन कुटुंबांकडे चौकशी करावी आणि पोलिसांकडून पडताळणी झाली आहे काय हे विचारावे. मूल एखाद्या व्यक्तीस पाहून अकस्मात घाबरू लागले, तर शिकवणी थांबवून कारण शोधावे. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

६. शुल्क व करार : शुल्काचा हिशेब आधीच मांडून पाहावा. समजा, तासाचा दर ५०० रुपये आहे. आठवड्यास २० तास घेतल्यास चार आठवड्यांचे ४०,००० रुपये होतात. चाळीस तासांचे ८०,००० रुपये होतात. तेच आठवड्यास ४ तास घेऊन उरलेला सराव आईवडिलांनी केल्यास खर्च ८,००० रुपये येतो. जो खर्च सहाव्या महिन्यात झेपेनासा होऊन शिकवणी बंद पाडील, तो पहिल्या महिन्यातच टाळावा. दागिने गहाण ठेवून सहा महिन्यांचे आगाऊ शुल्क भरू नये. महिन्याचे शुल्क महिन्याला द्यावे, पावती घ्यावी, आणि एक महिना कसून पाहण्याची मुभा ठेवावी. रजा, खाडे व मध्येच बंद करणे यांच्या अटी कागदावर असाव्यात.

७. हमी : स्वमग्नता हा आजार नसल्याने ‘पूर्ण बरे करण्याची’ हमी कोणीही देऊ शकत नाही. बरीच मुले पुष्कळ प्रगती करतात, काही अल्प करतात. आधी सांगता येत नाही. हमी देणाऱ्यापासून सावध राहावे. पेशी-उपचार, शरीरातील धातू काढण्याची औषधे व तत्सम महागडे उपाय सुचविणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. स्वमग्नतेवर मूलपेशी-उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

८. नोंद व आढावा : प्रत्येक भेटीची नोंदवही घरी राहावी. दर तीन महिन्यांनी उपचारक व पालक यांनी एकत्र बसून आढावा घ्यावा. शिकवणीच्या चटईवर मूल ‘पाणी’ म्हणते, पण आजीकडे किंवा मावशीच्या घरी म्हणत नाही, तर ते शिकणे अजून अर्धे आहे असे समजावे. तीन महिन्यांत काहीच बदल नसेल तर प्रथम योजना बदलावी, आणि तरीही फरक न पडल्यास उपचारक बदलण्यास संकोच करू नये.

भाषेचा प्रश्न

बडोद्यात अठराव्या शतकापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्यांच्या घरात मराठी, अंगणात गुजराती आणि शाळेत गुजराती वा इंग्रजी असते. “मुलाशी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी,” असा सल्ला अशा घरांना पुष्कळदा मिळतो. त्याचा परिणाम असा होतो की आई स्वतःस नीट न येणाऱ्या भाषेत तुटक बोलू लागते, आजी गप्पच होते, आणि ज्याला संवादाची सर्वाधिक गरज आहे त्याच मुलाभोवतीचा संवाद आटतो. दोन भाषा कानी पडल्यामुळे स्वमग्न मुलाचा भाषाविकास अधिक मागे पडतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसून आलेले नाही. तेव्हा घरातील माणसांनी मुलाशी आपल्याच भाषेत बोलावे.

तिसऱ्या उपचारिकेस मराठी येत नाही, ही उणीव आहे. परंतु ती दूर करता येते. मुलास शिकवावयाचे पहिले वीस-पंचवीस शब्द आईने लिहून द्यावेत आणि उपचारिकेने तेच वापरावेत. गुजरातीत व मराठीत ‘पाणी’ एकच असले तरी सर्व शब्द तसे नाहीत. पोळीला एकाने ‘पोळी’, दुसऱ्याने ‘रोटली’ व तिसऱ्याने ‘चपाती’ म्हटल्यास आरंभी मूल गोंधळते. प्रथम घरातील शब्द पक्का करावा, बाहेरचा शब्द नंतर जोडावा. उपचारिका असे करण्यास राजी आहे की नाही, यावरून तिची वृत्ती कळते.

हरणीचा तलाव

स्वमग्न मुलांपैकी बरीच मुले घरातील माणसांची नजर चुकवून बाहेर पडतात आणि त्यांतील काहींना पाण्याची विलक्षण ओढ असते. पाण्यात बुडणे हे अशा मुलांच्या अपघाती मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. हरणीत मोटनाथ तलाव आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी या तलावात सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्यू पावल्या. ती मुले स्वमग्नतेमुळे दगावली नव्हती. तथापि मुले ज्यांच्या हाती सोपवावयाची त्यांची व्यवस्था आधी तपासली पाहिजे, हा त्या दुर्घटनेचा धडा घरातील उपचारकासही लागू पडतो.

नळाच्या धारेत रमणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट हवी. दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर कडी लावावी. त्याच्या कपड्यात किंवा गळ्यात पालकांचा दूरध्वनी क्रमांक असावा. शेजारी, सोसायटीचा पहारेकरी व कोपऱ्यावरील दुकानदार यांना मुलाची ओळख करून द्यावी. मूल हरवल्यास प्रथम पाण्याच्या दिशेने शोध घ्यावा. ‘थांब’ म्हटल्यावर थांबणे हे कौशल्य उपचारकाच्या योजनेत पहिल्या पाचांत असावे, आणि जमेल तेव्हा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पोहणेही शिकवावे.

जेथे उपचारक मिळत नाही

खेड्यापाड्यांत घरी येणारा उपचारक बहुधा मिळत नाही. म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या केंद्रात महिन्यातून एकदा जाऊन योजना आणावी व घरी रोज अर्धा तास सराव करावा. स्नान, जेवण, गुरांना चारा घालणे, भाजी निवडणे ही नित्याची कामे हेच उत्तम पाठ होत. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी कौशल्य-प्रशिक्षणाचा कार्यक्रम तयार केला असून त्यात घरातील खेळ व दिनक्रम यांतून शिकविण्याची रीत दिली आहे. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांनी अशा दोन-चार कुटुंबांची गाठ घालून दिल्यास पालक परस्परांचे शिक्षक होतात. दिल्लीतील ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ साली एका स्वमग्न मुलाच्या आईच्या पुढाकारानेच उभी राहिली.

शिक्षक व अधिकारी यांचे कार्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३१ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. घरचा उपचार हा शाळेचा पर्याय नव्हे, तर शाळेकडे नेणारा रस्ता होय. शिक्षकाने उपचारकाची नोंदवही मागून पाहावी आणि मुलास शिकविलेल्या त्याच खुणा वर्गात वापराव्यात. मधल्या सुट्टीचा गोंगाट सहन होत नसेल तर एक शांत कोपरा द्यावा. “आधी बरा करून आणा, मग दाखल करू,” असे उत्तर कोणत्याही शाळेने देऊ नये. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ‘चेतन बालवाडी’ आहे. बालविकासाच्या विद्यार्थ्यांना मुलांमध्ये बसवून शिकविण्याची ही परंपरा अन्य ठिकाणीही अनुकरणीय आहे.

अधिकाऱ्यांनी आपल्या क्षेत्रातील नोंदणीकृत विशेष शिक्षक व तज्ज्ञ यांची यादी पंचायत, अंगणवाडी व प्राथमिक आरोग्य केंद्र येथे लावावी. प्रमाणपत्रासाठी पालकांस वारंवार हेलपाटे घालावे लागू नयेत. फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याखाली दाद मागता येते आणि मुलास दुर्वर्तणूक झाल्यास पोलिसांकडे व राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते, हे त्यांनी पालकांस आपण होऊन सांगावे.

समारोप

हरणीच्या त्या कुटुंबाने कोणास निवडावे, याचे उत्तर आता स्पष्ट आहे. पहिल्याची हमी खोटी आहे आणि त्याचा खर्च घर मोडणारा आहे. दुसऱ्या ठिकाणी देखरेखीची लेखी व्यवस्था झाली तर त्याचा पुन्हा विचार करता येईल. तिसरी उपचारिका आठवड्यातून दोनच दिवस येते, पण ती आईला शिकविते. म्हणजे उरलेले पाच दिवसही घरात शिकवणी चालू राहते. तिच्या पात्रतेची खात्री करून घ्यावी, एक महिन्याचा करार करावा व पहिले उद्दिष्ट ‘पाणी मागणे’ हे ठेवावे. महिनाअखेर मुलाने माठाकडे एकदा जरी बोट दाखविले तरी आरंभ झाला असे समजावे. पुढे त्याची प्रगती सावकाश होईल, कधी थांबेलही. मात्र त्याला समजून घेणारी माणसे घरात तयार झालेली असतील, आणि ती उपचारक निघून गेल्यावरही त्याच्यापाशीच राहणार आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. उपचारकाने शिकवणीच्या वेळी पालकांस बाहेर बसण्यास सांगितल्यास काय करावे व का?
२. आपल्या गावात किंवा वस्तीत मूल एकटे बाहेर पडल्यास पाण्याच्या कोणकोणत्या जागा धोक्याच्या आहेत? त्यांची यादी करावी.
३. आपल्या घरातील रोजच्या कोणत्या तीन कामांतून मुलाला मागण्याची, निवडण्याची व नकार देण्याची संधी देता येईल?
४. आपल्या शाळेत स्वमग्न मूल दाखल झाल्यास पहिल्या आठवड्यात कोणती तयारी करावी लागेल?